शाळा सुटल्यानंतरचे दोन तास : गावात मुलांचं संध्याकाळचं केंद्र कसं चालवावं

पाचच्या सुमारास जिल्हा परिषदेची शाळा सुटते. रानात किंवा मजुरीला गेलेली आई दिवेलागणीला घरी येते. मधल्या वेळात सातवीतली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन पाण्याच्या रांगेत उभी असते. तिसरीतला मुलगा पारावर मोठ्यांच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो, आणि दहावीत गचकलेला दादाही त्याच पारावर असतो. या तिघांसाठी गावात एक दार रोज ठरलेल्या वेळी उघडावं, एवढीच या कामाची मूळ कल्पना. त्याला बालकेंद्र म्हणा, अभ्यासिका म्हणा किंवा युवा मंडळ म्हणा. अवघड आहे ते ‘रोज’ आणि ‘ठरलेल्या वेळी’. बाकी सगळं शिकता येतं आणि पुढे तेच सविस्तर मांडलं आहे.

कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. तालमीत पोरं संध्याकाळी जमायची. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा १९४१ पासून खेळ, गाणी आणि चर्चा यांवरच उभ्या राहिल्या. अमेरिकेत १९०२ साली ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम यांनी शेतकऱ्यांच्या मुलांचा एक क्लब काढला, त्यातून पुढे ‘फोर-एच’ ही चळवळ झाली. तिथली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे : मुलानं स्वतः काहीतरी पिकवायचं किंवा पाळायचं आणि त्याची नोंदवही स्वतः ठेवायची. त्याकडे परसबागेच्या निमित्तानं येऊच.

आधी उंबरे फिरा

पहिले पंधरा दिवस वर्ग घेऊ नका. वही-पेन घेऊन घरं फिरा. शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव दोघांचं चार-पाच संध्याकाळी होतं. प्रत्येक घरी चारच गोष्टी विचारायच्या : सहा ते अठरा वयाचं कोण कोण आहे, शाळा सुटल्यावर ते कोणतं काम करतं, मोठं माणूस किती वाजता घरी येतं, आणि दिवाळीनंतर कुटुंब गावात असतं का. चौथा प्रश्न बरेच जण विसरतात. बीड किंवा अहिल्यानगरच्या ऊसतोड पट्ट्यात तो विसरला, तर जुलैत तीस मुलांनी सुरू झालेलं केंद्र नोव्हेंबरात दहा-बारांवर येतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

फिरून झालं की गावाचा नकाशा हातानं काढा. गावठाण, वस्त्या, ओढा, डांबरी रस्ता, विजेची डीपी, कठडा नसलेल्या विहिरी, सगळं त्यावर दाखवा. मग जागा ठरवा. नियम साधा आहे : तिसरीतल्या मुलाला घरापासून दहा मिनिटांपेक्षा जास्त चालावं लागू नये, आणि वाटेत ओढा किंवा वाहता रस्ता लागू नये. वस्त्या विखुरलेल्या असतील तर चाळीस मुलांचं एक केंद्र काढण्याऐवजी पंधरा-वीस मुलांची दोन केंद्रं काढा. एक मोठं केंद्र चालवायला सोपं वाटतं, पण लांबच्या वस्तीवरच्या मुली तिथे पहिल्या महिन्यानंतर येत नाहीत.

जागेची निवड ही गावात कधीच फक्त जागेची निवड नसते. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो, पण पाळी आलेल्या मुली त्या दिवसांत येणार नाहीत आणि काही घरं मुळातच पाठवणार नाहीत. समाजमंदिर एका वस्तीत असतं, तर दुसऱ्या वस्तीतली मुलं तिथे यायला कचरतात. सरपंचांच्या घराचा ओटा घेतला तर विरोधी गटाची मुलं गेली. म्हणून शक्य असेल तर शाळेचीच खोली घ्या. ती सगळ्यांची असते, तिथे पाणी आणि स्वच्छतागृह असतं, मैदान असतं.

शाळेची खोली मिळवायची तर मुख्याध्यापकांशी बोला आणि विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, म्हणजे ज्यांची मुलं येणार तेच ठराव करणार. ठरावात पाच गोष्टी लिहून घ्या : कोणती खोली, किती ते किती वाजता, किल्ली कोणाकडे, झाडलोट कोण करणार, आणि वीजबिल किंवा मोडतोड झाली तर कोण भरणार. तोंडी परवानगीवर चाललेलं केंद्र मुख्याध्यापकांची बदली झाली की बंद पडतं. किल्ल्या दोन करा, एक केंद्र चालवणाऱ्या ताईकडे आणि एक शाळेजवळ राहणाऱ्या घरी. एकच किल्ली असली आणि ती बाजारला गेलेल्या माणसाच्या खिशात राहिली, तर मुलं अर्धा तास दाराशी थांबून परत जातात. असं लागोपाठ दोनदा झालं की तिसऱ्या दिवशी निम्मीच मुलं उरतात.

वेळ, भूक आणि उजेड

दोन तास पुरे. साडेपाच ते साडेसात ही वेळ बहुतेक गावांत जमते, पण वर्षभर तीच ठेवू नका. जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहालाच अंधारून येतं. हिवाळ्यात सव्वापाचला दार उघडा आणि सव्वासातला मुलं घरी पाठवा. खेळ कायम आधी ठेवा. एक तर उजेड असतो. शिवाय दिवसभर बाकावर बसून आलेल्या मुलाला लगेच पुन्हा बसवलं तर त्याचं लक्ष खिडकीबाहेरच राहतं.

१२० मिनिटांची वाटणी अशी चालते : हातपाय धुणं, पाणी आणि हजेरी दहा मिनिटं, खेळ पस्तीस, खाऊ दहा, वाचन-गणिताचे गट पस्तीस, चित्र, हस्तकला किंवा गृहपाठ वीस, आणि शेवटची दहा मिनिटं आवराआवर करून गोल बसायला. गोलात उद्याचं काम कोणाकडे ते ठरतं : पाणी कोण भरणार, पुस्तकांची पेटी कोण उघडणार, सतरंजी कोण घालणार. ही कामं मुलगे आणि मुलींमध्ये आलटून पालटून द्या. झाडू नेहमी मुलींच्याच हाती जातो, तिकडे लक्ष ठेवावं लागतं.

खाऊ टाळू नका. शाळेतलं जेवण दुपारी होतं, घरचं रात्री आठला. मधल्या भुकेत वाचन होत नाही. तीस मुलांना माणशी २५ ग्रॅम म्हणजे ७५० ग्रॅम कोरडे हरभरे पुरतात. ते भिजून साधारण दुप्पट होतात. सकाळी भिजत घाला, दुपारनंतर कुकरला शिजवा, वर मीठ, कांदा, लिंबू. उन्हाळ्यात भिजवलेल्या हरभऱ्याचं पाणी मध्ये एकदा बदला, नाहीतर वास येतो. किलोला नव्वद रुपये धरले तर दिवसाचे सदुसष्ट-अडुसष्ट रुपये आणि महिन्याच्या बावीस दिवसांचे साधारण दीड हजार होतात. करायला बचत गटातली किंवा शाळेचं जेवण बनवणारी बाई मिळाली तर उत्तम. पाच वर्षांखालच्या भावंडांना अख्खा हरभरा देऊ नका, घशात अडकतो. कुस्करून द्या.

या भावंडांबद्दल एक सांगायलाच हवं. दहा-बारा वर्षांची मुलगी एकटी येत नाही, तिच्या कडेवर दीड वर्षाचं बाळ असतं. ‘बाळाला घरी ठेवून ये’ म्हटलं की ती ‘हो’ म्हणते आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही, कारण घरी बाळाला सांभाळणारं ती सोडून कोणी नसतं. म्हणून कोपऱ्यात एक वेगळी सतरंजी घाला. तिच्यावर लाकडी ठोकळे, दोन-चार वाट्या, जुन्या साडीची चिंधीची बाहुली ठेवा. मोठ्या मुलांपैकी एकाला रोज पाळीनं तिथे बसवा. एवढ्यानं अशा चार-पाच मुली केंद्रात टिकतात, आणि मुलगेही बाळ सांभाळायला शिकतात.

माणसं

तीस मुलांना दोन माणसं, त्यांतली एक बाई. हे कमीतकमी. बारावी झालेली गावातलीच मुलगी किंवा नुकती लग्न होऊन आलेली सून चांगली ताई होते. गावाबाहेरून रोज दुचाकीवर येणारा दादा पावसाळ्यात टिकत नाही. फुकट काम करायला तयार असलेल्यांचा उत्साह सहसा पहिल्या तीन महिन्यांत ओसरतो, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून थोडं का होईना मानधन ठरवा आणि ठरल्या तारखेला द्या. शाळेतल्या शिक्षकांना मात्र यासाठी पैसे देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार त्यांना खाजगी शिकवणी करता येत नाही, आणि उगाच वाद ओढवतो.

ताई कधीतरी जाणारच. लग्न ठरतं, पोलीस भरती लागते, तालुक्याला नोकरी मिळते. तयारी पहिल्या दिवसापासून हवी. तिसरं माणूस आठवड्यातून एक दिवस येऊन सगळं करून बघणारं असावं, आणि कोणत्या मुलाचा गट कोणता, कोणाला चष्म्याची गरज वाटते, कोणाच्या घरी काय अडचण, हे वहीत असावं. ताईच्या डोक्यात असलेली माहिती ताईबरोबर जाते.

वाचन : इयत्ता बाजूला ठेवा

पाचवीतलं मूल पाचवीचं पुस्तक वाचू शकेलच असं नाही, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी साधी वाचन चाचणी इथे उपयोगी पडते. एका कागदावर चार भाग असतात : सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला आधी परिच्छेद द्या. अडखळत न वाचता, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर गोष्ट द्या. नाही जमला तर शब्दांकडे या, कोणतेही पाच निवडू द्या आणि चार बरोबर आले तर मूल शब्दांच्या पातळीवर. तेही नाही जमलं तर अक्षरं, तिथेही पाचांपैकी चार. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. एकेकाला बाजूला घेऊन बसा. चारचौघांत वाचायला लावलं की लाजाळू मूल येत असूनही गप्प राहतं. मग पाच अक्षरं येणारं आणि एकही न येणारं मूल तुमच्या वहीत सारखंच दिसतं.

गट या पातळीवर करा. सहावीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी एकाच शब्दगटात बसतील. सहावीतल्याला ते लाजिरवाणं वाटू नये म्हणून गटांना ‘अक्षर गट’, ‘शब्द गट’ अशी नावं कधीच देऊ नका. मोर, साळुंकी, खंड्या अशी द्या. अशा मोठ्या मुलाला पेटी किंवा खेळाच्या साहित्याची जबाबदारी दिली तर तो टिकतो.

अक्षर गटातल्या मुलांसोबत बाराखडीचा तक्ता रोज पाच मिनिटं मोठ्यानं वाचा, मग त्यातूनच मुलाच्या घरातले शब्द शोधा : काका, मामी, पाणी, गाडी. जोडाक्षरांकडे घाई नको. शब्द गटाला त्यांच्याच तोंडची वाक्यं फळ्यावर लिहून वाचायला द्या. ‘काल आमची शेळी व्याली’ हे वाक्य मूल अंदाजानं नव्हे, तर डोळे फळ्यावर ठेवून वाचतं, कारण ते त्याचं स्वतःचं आहे. गोष्ट गटासाठी पुस्तकांची पेटी लागते. साठ पुस्तकं पुरतात, त्यांतली निम्मी मोठ्या अक्षरांची आणि पानभर चित्रांची. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांची मुलांची मराठी पुस्तकं परवडतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही गावात कोणा ना कोणाकडे सापडतात. शहरातून दान म्हणून येणारी पुस्तकं घेण्याआधी यादी मागा. स्पर्धापरीक्षेची जुनी गाइडं आणि फाटक्या कादंबऱ्या पेटी भरतात, मूल त्यांना हात लावत नाही.

मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या पाड्यांवर भिली किंवा पावरी, तांड्यावर गोरमाटी बोलली जाते. तिथे पहिले दोन-तीन महिने मुलांनी गोष्ट आपल्या भाषेत सांगावी आणि ताईनं ती देवनागरीत लिहावी. भिंतीवर वस्तूंची नावं दोन्ही भाषांत लावा. अशा ठिकाणी ताई त्याच भाषेची असणं हे बारावी पास असण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पंचवीस की बावन्न?

गणितात सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो हे बघायचं तर पाटीवर ‘पंचवीस’ लिहायला सांगा. तीस मुलांत काही जण हमखास ५२ लिहितात. ती चूक निष्काळजीपणाची नाही. ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतो, मग वीस, आणि लिहायचं मात्र आधी दोन. त्यात एकोणतीस हा तिशीचा नातलग वाटतो आणि लिहायचा २९. याच अडचणीमुळे २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची जोड दिली होती आणि त्यावरून मोठा वाद झाला. वाद बाजूला ठेवा, केंद्रात हातानं करायला लावा.

खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडा, सुमारे तीनशे लागतील. दहा-दहांच्या मोळ्या रबरानं बांधा. मुलानं पंचवीस म्हणजे दोन मोळ्या डावीकडे आणि पाच सुट्या उजवीकडे ठेवायच्या, तोंडानं ‘दोन मोळ्या, पाच सुट्या, पंचवीस’ म्हणायचं आणि मगच लिहायचं. रोज दहा आकडे. रबर तुटतात, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे कापून ठेवा, ते वर्षभर जातात. हातच्याची वजाबाकी करताना मोळी मुलानं स्वतः सोडायला हवी. ताईनं सोडून दाखवली तर समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी विसरतं.

मेथीचा वाफा

वर फोर-एचचा उल्लेख आला तो या कामासाठी. दहा वर्षांवरच्या मुलांना तिघा-तिघांचे गट करून शाळेच्या आवारात एकेक वाफा द्या. पहिलं पीक मेथी, कारण ती लवकर दिसते. बी चार-सहा दिवसांत उगवतं आणि पंचवीस-तीस दिवसांत जुडी काढता येते. मुलाला दोन महिने थांबायला लावणारं पीक पहिल्यांदा देऊ नका.

वाफा एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब ठेवा. रुंदी महत्त्वाची : दोन्ही बाजूंनी बसून मुलाचा हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर ते वाफ्यात पाय देतं. एक घमेलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. ताजं शेण घातलं तर रोपं पिवळी पडतात आणि हुमणी येते. बी रात्रभर भिजवून, बोटाच्या एका पेराहून उथळ रेघांमध्ये टाका, दोन रेघांत वीतभर अंतर ठेवा. पाणी झारीनं. बादलीनं ओतलं तर बी वाहून वाफ्याच्या एका टोकाला गोळा होतं. कोंबड्या आणि शेळ्यांपासून राखायला बाभळीच्या काट्यांचं किंवा जुन्या साडीचं कुंपण लागतंच.

खरं शिक्षण वहीत आहे. गटानं रोज तारीख आणि दोन ओळी लिहायच्या. उगवल्याची तारीख, दर सोमवारी पट्टीनं मोजलेली उंची, किती बादल्या पाणी गेलं, कीड दिसली का. शेवटी जुड्या किती निघाल्या, किती विकल्या, कितीला, बियाण्याचा खर्च वजा जाता काय उरलं. वाचन गटात कंटाळणारा मुलगा इथे ‘सोळा जुड्या गुणिले दहा’ हिशोब तोंडी करतो. एखाद्या गटाचं पीक गेलं तर वही थांबवू नका. का गेलं हे लिहिणं हा वहीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

पंधराच्या वरची मुलं

पारावरच्या दादांना केंद्राबाहेर ठेवलं तर ते केंद्राच्या विरोधात जातात. चेंडू पळवणं, खिडकीतून शेरे मारणं, मुलींच्या वाटेत उभं राहणं हे त्यातूनच येतं. त्यांना काम द्या : मैदान आखणं, मुलांचे सामने लावणं, पंचगिरी, दिव्यांचं चार्जिंग, मुलांना घरी पोचवणं. रविवारी सकाळी मैदान त्यांचं.

कबड्डी आणि खो-खोला जवळजवळ खर्च नाही. मुली आणि किशोर गटासाठी कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटरचं असतं. खडे वेचा, तासभर आधी पाणी शिंपडा आणि फक्कीनं आखा. मुलींना आठवड्याचे दोन दिवस मैदान स्वतंत्र द्या. मुलग्यांच्या मधोमध मुली खेळतील असं गृहीत धरलं तर सातवीनंतरच्या मुली कडेला बसून राहतात. फुटबॉल-व्हॉलीबॉल घेतलाच तर हवा भरायच्या सुया तीन ठेवा. पंपाआधी सुई मोडते, आणि बाभळीच्या मुलखात चेंडू पंक्चरही होतो.

युवा मंडळ म्हणून नोंदणी करावी का? पहिल्या वर्षी नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सदस्य पुरतात, पण महाराष्ट्रात त्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. मग दरवर्षी लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट. ते सांभाळायला माणूस नसेल तर नोंदणी गळ्यात पडते. सुरुवातीला बचत गट, ग्रामसंघ किंवा गावच्या गणेश मंडळाच्या आधारानं चालवा. नेहरू युवा केंद्रं १९७२ पासून गावोगावच्या युवा मंडळांशी जोडली गेली, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला केंद्र सरकारनं ‘मेरा युवा भारत’ हा मंच सुरू केला. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन चौकशी करणं पोर्टलवर शोधत बसण्यापेक्षा लवकर होतं.

आणि ग्रामपंचायत निवडणुकीच्या आधीचे दोन महिने केंद्रात एकही बॅनर, एकही बैठक, एकाही उमेदवाराच्या हातून वह्यावाटप नको. हा नियम पहिल्या महिन्यातच सगळ्यांसमोर लिहून लावा. निवडणूक तोंडावर आल्यावर सांगितला की तो कोणत्यातरी गटाविरुद्ध वाटतो.

पैसा

महिन्याचा हिशोब नमुन्यादाखल : दोघांचं मानधन प्रत्येकी तीन हजार म्हणजे सहा हजार, खाऊ दीड हजार, खडू-कागद-रंग पाचशे, वीज आणि किरकोळ दुरुस्ती पाचशे. एकूण साडेआठ हजार, तीस मुलांमागे माणशी २८३ रुपये. अकरा महिन्यांचे ९३ हजार पाचशे. सुरुवातीला सतरंज्या, लोखंडी पेटी, पाट्या, दोन चार्जिंगचे दिवे आणि पुस्तकं मिळून दहा-पंधरा हजार वेगळे.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तो निधी अनेकदा मार्चअखेरीस घाईनं एखाद्या वस्तूच्या वाटपात जातो. महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात आणि पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरपासून सुरू होते. म्हणून अर्ज सप्टेंबरात द्या, हजेरीवहीची प्रत जोडा आणि वीस-पंचवीस आया ग्रामसभेला आणा. अर्जापेक्षा त्यांच्या बसण्याचा परिणाम जास्त होतो. कोकणात मुंबईतल्या चाकरमान्यांची गावमंडळं पिढ्यान्‌पिढ्या शाळांना मदत करत आली आहेत. त्यांच्याकडे एकरकमी देणगी मागण्यापेक्षा ‘वर्षभराचा खाऊ तुमचा’ असं ठरावीक काम मागा. पालकांकडून महिन्याला वीस रुपये किंवा पायलीभर धान्य घ्यावं, आणि ज्याला जमत नाही त्याचं नाव कुठेही येऊ देऊ नये. खातं दोन सह्यांचं असावं आणि महिन्याचा जमाखर्च शाळेच्या फळ्यावर.

सुरक्षितता

हजेरीवहीत दोन रकाने हवेत : आलं किती वाजता, आणि गेलं कोणाबरोबर. मुलं वस्तीनिहाय गटानं जातात, प्रत्येक गटासोबत एक मोठं माणूस आणि टॉर्च. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत कधीच नाही, मग तो माणूस कोणीही असो. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, देणगीदारांनी मागितले तरी.

लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘गावात बसून मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही. मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक १०९८ भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवा. मूल काही सांगायला लागलं तर ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि त्याचं नाव गावात फुटू देऊ नका.

पावसाळ्यात सापांची भीती खरी असते. शाळेच्या भिंतीला लागून सरपण, विटा, कडबा ठेवू देऊ नका. दंश झाला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. मुलाला चालू न देता, अवयव फळीला बांधून न हलवता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात न्या. ज्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष असतं त्याचं नाव आणि अंतर आधीच माहीत करून ठेवा.

हजेरी का पडते

पेरणीच्या पंधरवड्यात, विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीला, जत्रेला आणि दिवाळीत हजेरी पडणारच. त्या दिवसांत केंद्र बंद करू नका, दहा मुलं आली तरी दार उघडा. ऊसतोडीला कुटुंबं गेली की आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांसाठी खाऊ वाढवा. मार्च-एप्रिलमध्ये परत आलेल्यांसाठी सकाळचा सहा आठवड्यांचा वेगळा वर्ग ठेवा, कारण त्यांचं वाचन एक पायरी खाली उतरलेलं असतं.

दुसरं कारण गृहपाठ. पालकांना गृहपाठ पूर्ण झालेला हवा असतो, म्हणून हळूहळू दोन्ही तास वह्या भरण्यात जातात, एक हुशार मुलगी लिहिते आणि बाकीचे उतरवतात. गृहपाठाची वीस मिनिटं वीसच ठेवा. पालकांना महिन्यातून एकदा बोलवून मुलाला त्यांच्यासमोर वाचायला लावा. त्यानंतर तक्रार राहत नाही.

सातवी-आठवीच्या मुली कमी होऊ लागल्या तर कारण एकेकीच्या घरी जाऊन विचारा. बहुतेक वेळा उत्तर छोटं असतं : स्वच्छतागृहाला कडी नाही, पाण्याची वेळ बदलली, वाटेत कोणी बोललं. कडी ऐंशी-शंभर रुपयांची असते आणि त्याच दिवशी बसवता येते.

तीनच आकडे ठेवा : रोजची हजेरी, वर्षातून चारदा वाचनाची पातळी (जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च), आणि बारा वर्षांवरच्या मुलींची संख्या. तिसरा आकडा घसरला तर बाकीचे दोन चांगले असले तरी थांबून बघा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेटीतलं सामान मोजा, हरवलेलं लिहा, पुस्तकांना जिलेटीन लावा, आणि दुसरी किल्ली पुढच्या वर्षी ज्याला ताईच्या जागी बसायचं आहे त्याच्या हातात द्या. जूनच्या मध्याला शाळा उघडते, विदर्भात थोडी उशिरा, तोवर त्याला गावातली घरं पुन्हा एकदा फिरून येता येतील.